दीडशे पीएसआयचा काटा आणि माझे ६०,४०० रुपये

इंदूरमध्ये कुणी ऑफ-रोड गाडीसाठी एअर कंप्रेसर घ्यायला निघालं असेल तर आधी हे वाचा आणि मग खिशात हात घाला. माझे ६०,४०० रुपये गेले. पै-पैचा हिशेब पुढे देतो. आतापर्यंत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिलं एकच विचारलं, "एवढे शिकले-सवरलेले तुम्ही, कसे काय फसलात?" अहो, शिकलेल्या माणसालाच पटेल असं सगळं रचलेलं होतं. दुकान चकाचक, डबा चकाचक, मशीन डोळ्यांदेखत चालवून दाखवलेलं. आणखी काय बघायचं माणसाने?

माझ्याकडे व्ही-क्रॉस पिकअप आहे, २६५/७० आर१६ मापाचे ऑल-टेरेन टायर घातलेली. पावसाळ्यात जानापाव, चोरल, उन्हाळ्यात नर्मदेकाठची वाळू. ज्यांना हा नाद आहे त्यांना ठाऊक आहे, वाळूत उतरताना टायरची हवा पस्तीस पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) अठरावर आणावी लागते. टायर पसरतो, गाडी रुतत नाही. पण डांबरावर परत चढलात की तीच हवा भरावीच लागते, नाहीतर कमी हवेवर वेगात चालवून टायरची भिंत तापते आणि फाटते. म्हणून गाडीतच पक्का बसवलेला कंप्रेसर हवा होता. सिगारेट लायटरमध्ये खुपसायचे छोटे पंप मी वापरून चुकलो होतो. ते मोटारीच्या नेहमीच्या टायरला ठीक, आमच्या टायरपुढे धापा टाकतात.

ज्या ॲक्सेसरीवाल्याकडे गेलो त्याचं नाव लिहीत नाही. प्रकरण जिल्हा उपभोक्ता आयोगासमोर, म्हणजे ग्राहक न्यायालयात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. ओळखीतल्याच एका गाडीवाल्याने पाठवलं होतं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा दोन मोटरींचा कंप्रेसर काढला. मिनिटाला १७० लिटरहून जास्त हवा, दीडशे पीएसआय, किंमत ३८,५०० रुपये. ही कंपनी यापेक्षा बरीच महाग विकते, हे मला माहीत होतं. मी विचारलं. तो म्हणाला, एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केली, माल पडून आहे. आता यात खोटं वाटण्यासारखं काय होतं? व्यापारात ऑर्डरी रद्द होतात. मी स्वतः कापडाच्या धंद्यात आहे, माझ्याही होतात.

मग त्याने चालवून दाखवलं. बॅटरीला चिमटे लावले, नळीच्या टोकाला दाब मोजायचं गेज लावलं आणि बटण दाबलं. काटा सर्रकन दीडशेवर. दोन-तीन सेकंदांत. दुकानातली पोरं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मंडळी, सगळी लबाडी त्या काट्यात आहे, नीट समजून घ्या. तोंड बंद केलेल्या वीतभर नळीत हवा मावते किती? खेळण्यातला पंपसुद्धा तिथे दीडशे दाखवेल. दाब आणि हवेचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मापाच्या टायरमध्ये साधारण साठ-सत्तर लिटर जागा असते. अठरावरून पस्तीसवर न्यायचं तर बाहेरची पंचाहत्तर-ऐंशी लिटर हवा आत कोंबावी लागते. खरंच मिनिटाला १७० लिटर देणारं मशीन असेल तर दाब वाढल्यावर थोडं मंदावलं तरी एक टायर मिनिटभरात व्हायला हवा. तेव्हा काटा बघू नका. आपल्याच गाडीचं चाक पुढे करा, अठरापर्यंत सोडा आणि मोबाईलवर घड्याळ लावून भरायला सांगा. दुकानदार "आता गर्दी आहे" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आणि तो फ्यूज. रात्री झोप लागत नाही ती त्या फ्यूजपायी. डब्यातून वायरिंग काढलं तेव्हा लाल वायरीवर निळा फ्यूज होता, त्यावर स्पष्ट '१५' असं लिहिलेलं. दोन मोटरींचा १२ व्होल्टचा असा कंप्रेसर पन्नास ॲम्पियरच्या आसपास करंट ओढतो. पंधराचा फ्यूज बटण दाबताक्षणी उडायला हवा होता. दुकानात तो उडाला नाही, म्हणजे मशीन पंधराच्या आतच ओढत होतं, म्हणजे आत चिमुकली मोटर होती. सगळा पुरावा माझ्या तळहातावर होता. मी विचारलंसुद्धा, "फ्यूज इतका लहान कसा?" हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण उद्या कुणी म्हणेल की मी डोळे मिटून पैसे दिले. त्याने उत्तर दिलं, "भिया, नया मॉडल है, सॉफ्ट स्टार्ट, करंट कम खाता है." इतक्या खात्रीने म्हणाला की पुढे काय बोलणार? मी काही इलेक्ट्रिशियन नाही. पण आता तुम्हाला सांगतो : ॲम्पियरला व्होल्टने गुणा, वॅट येतात. शंभर-दीडशे वॅटचं मशीन ढीगभर हवा देऊच शकत नाही, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो.

डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, एमआरपीही नव्हती. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर या दोन्ही गोष्टी, शिवाय मूळ देश आणि महिना-वर्ष छापणं लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे. हे ग्राहकाने बघायचं की बाजारात तपासणी करणाऱ्यांनी?

बसवणं तर त्याहून भयंकर. ब्रॅकेटचे ४,२०० घेतले आणि लावला दीड मिलिमीटरचा पत्रा, कडासुद्धा घासलेल्या नाहीत. वायरिंगचे ३,८०० घेतले, मजुरीचे २,५००. म्हणजे कंप्रेसरसकट ४९,००० रुपये. कंप्रेसर बॉनेटखाली एक्झॉस्टच्याच बाजूला बसवला, जिथे डिझेल इंजिनाची सगळी धग. अशा मशीनला आधीच थांबून थांबून चालवावं लागतं, त्यात हे. फ्यूज कंप्रेसरच्या टोकाला ठेवला. अरे बाबा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा! वायर मध्ये कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीतरी पाहिजे की नको? पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायचं कडं, नाही. बाहेर पडणारी हवा तापलेली असते म्हणून पहिला हातभर तरी स्टीलच्या जाळीची नळी लागते. इथे साधी प्लॅस्टिकची.

मे महिन्यात बडवाहच्या पुढे नर्मदेच्या वाळूत गेलो. सोबत भाऊजी आणि भाचा. गाडी छान फिरली. संध्याकाळी हवा भरायला घेतली, तर पहिला टायर भरेना. भाचा गेज बघून सांगतोय, "मामा, एकोणीस... मामा, अजून एकोणीसच." कसाबसा तेविसावर आला आणि मशीन तापून बंद पडलं. थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं, आणि बॉनेटमधून धूर. थरथरीने पत्र्याच्या कडेने वायर कापत नेली होती. तांबं बॉडीला टेकलं आणि बॅटरीचा सगळा करंट त्या वायरीत. भाऊजींनी दहाचा पाना घेऊन टर्मिनल ओढून काढलं म्हणून गाडी वाचली. त्यांच्या अंगठ्याला अजून डाग आहे. वायरिंगचा जुडगा वितळला, एक हेडलाइट गेला. तशाच बसक्या टायरांवर हळूहळू पंक्चरवाल्याची टपरी गाठली.

त्या पंक्चरवाल्याने टॉर्च मारून बघितलं. उष्णतेने वरचा स्टिकर एका कोपऱ्यातून सुटला होता. त्याने नखाने सोलला. खाली दुसरंच नाव, आणि बारीक अक्षरांत '३५ लिटर प्रति मिनिट'. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

वायरिंग नव्याने करून घ्यायला ११,४०० लागले. एकूण ६०,४००.

दुकानदार म्हणाला, जळलेली मोटर वॉरंटीत येत नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा व्हॉट्सॲपवर जे पाठवलं त्यातला जीएसटी नंबर ०७ ने सुरू होतो. ०७ म्हणजे दिल्ली. मध्यप्रदेशचा २३ असतो. पोर्टलवर टाकला तर ती नोंदणीच रद्द झालेली. यूपीआयने पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नव्हेच, भलत्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात. पैसे पाठवताना वर जे नाव दिसतं ते वाचा आणि दुकानाच्या पाटीशी जुळवा!

मग ठाणं. "ये तो सिविल मामला है, उपभोक्ता फोरम जाओ." मी म्हटलं, खोटं नाव चिकटवून विकलंय, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? तर म्हणाले, नकली मालाची तक्रार कंपनीने करायची असते. घरी येऊन वाचलं. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४ : सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि गुन्हा दखलपात्र. दखलपात्र म्हणजे पोलिसांनी स्वतः हात घालायचा! पुन्हा गेलो, तर सायबरकडे पाठवलं, कारण पैसे मोबाईलने दिले. सायबरवाले म्हणाले, माल तुम्ही दुकानात उभं राहून घेतला, पिन स्वतः टाकला, यात सायबर काय? बँकेच्या शाखेत तेच ऐकवलं, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. एका सरकारी कार्यालयात डब्याचे फोटो घेऊन गेलो, तर साहेब दौऱ्यावर. त्यांच्या माणसाने डबा उलटून बघितला आणि विचारलं, "इतना महंगा पंप लिया ही क्यों?" म्हणजे गुन्हेगार मी! दिवसाढवळ्या पाटी लावून नकली माल विकणाऱ्याला कुणी हटकत नाही आणि घामाचे पैसे गमावलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवतात. आमच्या आई ऐंशीच्या घरात आहेत. त्याही म्हणाल्या, "सोड रे, तब्येत बिघडवून घेशील." का सोडायचं? मी टॅक्स भरतो, मी बिल मागतो, मी काय कुणाचं खाल्लंय?

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तोंडी वाद घालू नका. लेखी द्या, पोच मागा, आणि नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे टपालाने अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. मी पाठवलीय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नंबर घ्या, तो पुढे कामी येतो. आयोगाकडे तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या करता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दुकानातली लेखी पावती नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी पुरावा म्हणून चालतात, ती पुसू नका.

आपल्या इंदूरच्या मंडळींपैकी कुणाकडे याच प्रकारचा दोन मोटरींचा, पंधराच्या फ्यूजवर चालणारा कंप्रेसर असेल तर तो गाडीतून काढायच्या आधी बसवलेल्या जागीच फोटो घ्या. स्टिकर एकट्याने सोलू नका. दोन माणसांसमोर व्हिडिओ चालू ठेवून सोला. माझा घाईत सोलला गेला, आणि आता समोरचा वकील म्हणतो की खालचा स्टिकर आम्हीच लावला. डबा, वायर, तो निळा फ्यूज, सगळं जपून ठेवा आणि मला कळवा. एकाच दुकानाविरुद्ध चार तक्रारी एकत्र गेल्या तर सुनावणीला फरक पडेल, असं वकील सांगतात.