ऑफिसजवळ लहान घर की लांब मोठं?

नव्या शहरात भाडं बघून लांबचं ऐसपैस घर घ्यायचा मोह होतोच. पण एका बाजूचा प्रवास तासाभराचा असेल, तर कामाच्या २२ दिवसांत ४४ तास वाटेतच जातात. शिवाय प्रवासखर्च भाड्यात मिळवून बघा, वाचलेले पैसे बरेच आटतात. जवळचं घर लहान, गजबजाटातलं, पार्किंगची बोंब. तरी एकट्या माणसाला मी तेच सुचवेन. मुलं शाळेत जाणारी असतील तर गणित फिरतं: शाळा घराजवळच हवी, ऑफिस थोडं लांब चालेल. दोन्हीकडे रात्री दहानंतर स्टेशनपासून घरापर्यंत एकदा चालत जाच. रस्त्यावरचे दिवे, वर्दळ, उघडी दुकानं बघा. पाणी, आवाज, घरमालकाचा स्वभाव याबद्दल मात्र एजंटला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा.