भरवशाचा कलीग: पार्टनर करावा की कामापुरता सोबत घ्यावा?

चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये आम्ही दोघं अकरा वर्षं शेजारी शेजारी, बस एक, शिफ्ट एक, शिव्या घालायला साहेबही एकच. त्यामुळे भोसरी एमआयडीसीत भाड्याने शेड घेऊन सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) टाकायचं ठरलं तेव्हा पार्टनर कोण हा प्रश्नच आला नाही. तीन वर्षं फर्म चालवली. आता दोन वर्षं झाली मी एकटा प्रोप्रायटर आहे आणि तोच मित्र माझ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग जॉबवर, म्हणजे कामाप्रमाणे बिल लावून, करून देतो. दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय, बाकी ज्याचं त्याचं गणित वेगळं असतं.

पॅन, जीएसटी, स्टॅम्प पेपर हे तुमचा सीए सांगेलच. फक्त फर्म रजिस्टर करायचा कंटाळा करू नका, रजिस्टर नसलेल्या फर्मला पार्टीने पैसे बुडवले तर वसुलीचा दावाच लावता येत नाही.

आधी पार्टनरशिपचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. भांडवल निम्मं निम्मं, कर्जाला दोघांच्या सह्या, आणि मुख्य म्हणजे एक जण मशीनवर असताना दुसरा ऑर्डरी आणायला बाहेर. कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलेत पण पैसे ९० दिवसांनी आले की बोलायला कुणीतरी लागतं हो. एकट्याला मागच्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला तेव्हा शेडला नऊ दिवस कुलूप होतं आणि तिकडे हप्ता काही थांबला नाही. हा मुद्दा मी आजही पार्टनरशिपच्या पारड्यात टाकतो.

आता माझं कुठे बिनसलं ते. गोष्ट अगदी फालतू आहे, हसाल. बँकेत करंट खातं उघडताना 'दोघांच्या सह्या' असं मीच लिहायला लावलं, म्हटलं सेफ राहील. म्हणजे नेट बँकिंगला पेमेंट मी टाकायचं आणि ओके त्याने करायचं. एकदा तो गावी लग्नाला, पाटणच्या पुढे, तिकडे रेंज नाही, आणि इकडे ऑपरेटर इन्सर्ट (मशीनच्या टूलला लावायची कापायची पाती) संपले म्हणून हात बांधून उभा. ४,२०० रुपयांच्या इन्सर्टसाठी मी त्याला अकरा फोन केले, शेवटी खिशातून दिले आणि चिडून ती पावती गल्ल्यात टाकलीच नाही, त्याचा घोळ पुढे मार्चमध्ये सीएने काढला. बरं रेंजमध्ये असला तरी ओके करायच्या आधी त्याचा मेसेज यायचा, "हे कशाचं?" तो सहज विचारायचा हे मला आज कळतं, पण रात्री दहाला तेलाच्या हातांनी तो मेसेज वाचला की मला वाटायचं हा माझा हिशोब तपासतोय. लिमिट टाकून एकाच्या सहीवर करून घेता आलं असतं की, पण तोपर्यंत ते सुचवणं म्हणजे 'तुझी सही नको' असं म्हटल्यासारखं झालं असतं, म्हणून तोही गप्प आणि मीही गप्प.

कंपनीत आम्ही फक्त रिक्विझिशनवर (माल मागवायच्या चिठ्ठीवर) सही करायचो, पैसे परचेसवाले द्यायचे. अकरा वर्षांत आमच्या दोघांत चहाच्या बिलापलीकडे पैसा आलाच नव्हता, आणि मी धरून चाललो होतो की माणूस पारखून झालाय.

डीडमध्ये, म्हणजे पार्टनरशिपच्या करारात, आम्ही ५०-५० लिहिलं आणि कामाच्या पगाराचं काहीच लिहिलं नाही. १९३२ च्या पार्टनरशिप कायद्याप्रमाणे करारात नसेल तर पार्टनरला कामाचा मोबदला मागता येत नाही, मग कुणी दहा तास मशीनवर उभा राहो की चार. मी सकाळी साडेआठला शेड उघडायचो, तो अकराला यायचा, कारण सकाळी तो कस्टमरकडे असायचा. मला वाटायचं मी जास्त राबतो, त्याला वाटायचं तो. शिवाय एकाने फर्मच्या नावाने उधार माल उचलला तर वसुली दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. एलएलपीत (मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप) हे टळतं म्हणतात, पण मशीन लोनला बँक वैयक्तिक गॅरंटी घेतेच, निदान आमच्याकडून घेणारच होती.

वेगळं होताना भांडण नाही झालं, पण दोघांच्या फर्ममधून एक निघाला की फर्मच संपते. नवीन जीएसटी नंबर, कस्टमरकडे व्हेंडर कोड (सप्लायर म्हणून नोंदणी) परत पहिल्यापासून, यात चार महिने आणि एक बरी पार्टी गेली. मशीनच्या किमतीवरही अडलं, पुस्तकात वर्षाला १५ टक्के घसारा धरून किंमत पार खाली आली होती आणि बाजारात तेच मशीन जवळजवळ दीडपट.

आता तो प्रोग्रॅम करून पाठवतो, सेटअपला गुरुवारी येतो, तो नोकरीला आहे त्या कंपनीला तेव्हा सुट्टी असते. बिल व्हॉट्सअॅपवर, पैसे त्याच दिवशी. दर त्याचा बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, मी घासाघीस करत नाही.

तुमचा कलीग दिवसभर शेडवर थांबणार असेल आणि दोघांची घरं पगाराशिवाय वर्षभर चालणार असतील तर पार्टनरशिप करायला हरकत नाही, कदाचित तुमचं माझ्यापेक्षा बरं जमेल. पण आधी सहा महिने त्याच्याकडून बिलावर काम करून घेऊन बघा, आणि डीड केलंच तर कोण किती पगार उचलणार, किती रकमेपर्यंत एकाची सही चालणार आणि निघताना मशीनची किंमत कोण ठरवणार, हे तिन्ही त्यात लिहून घ्या.