चाकाचं नुसतं बेरिंग बदलावं की अख्खा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग, बेरिंगसकट)?

भाच्याची गाडी रोज खानापूर-बेळगाव. साठच्या पुढं घूंऽऽ आवाज, डावीकडं वळवली की वाढतो; म्हणजे बहुधा उजवं बेरिंग. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं, खडखड हाताला लागली.

बेरिंग स्वस्त, पण दाबून बसवायला प्रेस (दाबयंत्र) लागतो. सगळी मेख तिथंच. हातोड्यानं ठोकलं की आतल्या गोळ्यांचे वळ रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) उमटतात, नवं बेरिंगही लवकरच घूं करतं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेरिंगच्या चुंबकी सीलची बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडंच हवी. (आमच्या मिस्त्रीनं एकदा उलटी घातली, एबीएसचा दिवा पेटलेलाच!)

हब महाग, पण बोल्टवर बसतो. टिकायला दोन्ही सारखे, नीट बसवले तर.

प्रेसवाला भरवशाचा असेल तर बेरिंगच घालावं. उद्याच चोर्ला घाटातून गोवा गाठायचा असेल, किंवा हबच झिजला असेल, तर अख्खा हब. अर्थात त्या गाडीला तसा मिळत असेल तर.