किनारी जीवांची ओळखकार्डे: वर्षभराच्या वापरानंतर

किनाऱ्यावरील जीव ओळखण्यासाठी मी गेल्या ऑक्टोबरात २४ कार्डांचा एक संच ४५० रुपयांना घेतला आणि गिरगाव चौपाटी, जुहू व मांडव्याची लाँच अशा ठिकाणी तो वर्षभर वापरला. खाऱ्या पाण्यात अनेकदा भिजूनही छपाई फिकटलेली नाही.

खडकाळ किनाऱ्यावर हा संच उत्तम आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईची ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. तेव्हा उघड्या पडलेल्या खडकांतील समुद्रफुले किंवा शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे चित्राशी ताडून सहज ओळखता येतात, कारण त्यांचे रूप ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही. मात्र तिसऱ्या, कालवे, खुबे ही बाजारातली नावे सोडून केवळ शास्त्रीय नावे का दिली, हे कळत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत संच फसवा ठरतो. काळ्या डोक्याचा कुरव (सीगल) कार्डावर विणीच्या रूपात, पूर्ण गडद डोक्याचा दाखवला आहे. प्रत्यक्षात तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो तेव्हा त्याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका दिसतो, आणि डोके गडद होऊ लागते ते परतीच्या प्रवासाआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. (ते गडद डोकेही खरे तर तपकिरीच असते, पण हा दोष नावाचा, कार्डाचा नव्हे.) लाँचमागे प्रवाशांनी फेकलेल्या गाठ्यांसाठी घिरट्या घालणाऱ्या थव्यात तपकिरी डोक्याचा कुरव वेगळा काढायचा तर पंखाच्या काळ्या टोकावरील पांढरे ठिपके पाहावे लागतात, कार्डावरील दोन्ही कुरव पंख मिटून बसलेले आहेत.

सर्वांत गंभीर चूक पावसाळ्याच्या कार्डावर आहे. निळ्या फुग्यासारखा ब्लू बॉटल आणि निळ्या बटणासारखा पॉर्पिटा हे दोघे ‘जेलीफिश’ या एकाच शीर्षकाखाली, कोणत्याही इशाऱ्याविना छापले आहेत. मुळात दोन्ही खऱ्या अर्थाने जेलीफिश नव्हेत; शिवाय पॉर्पिटाचा दंश सहसा किरकोळ असतो, तर वाळूवर मरून पडलेल्या ब्लू बॉटलचे तंतूही तीव्र वेदनादायक डंख करू शकतात. लहान मुलांना हे कार्ड देण्यापूर्वी त्यावर मार्करने ठळक सूचना लिहावी.

कार्डांच्या पाठी कोऱ्या आहेत. तेथे मी स्वतःच महिने आणि स्थानिक नावे लिहून घेतली असून, पक्ष्यांची सहा कार्डे आता घरीच ठेवतो.