टाकी निघाली, आता माती तपासायची: पीआयडी मीटर की प्रयोगशाळा?

पेट्रोल पंपाची जुनी टाकी जमिनीतून वर काढली की खालच्या मातीत इंधन मुरलंय का, हे बघावंच लागतं. पेट्रोलमधल्या बेंझीनमुळे कर्करोग होतो, त्यामुळे इथे अंदाजपंचे काम नको.

पीआयडी मीटर म्हणजे हवेतली इंधनाची वाफ मोजणारा मीटर, तो हातात मावतो. माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, तोंड बंद करून ढेकळं फोडायची, काही मिनिटं थांबायचं आणि नळी आत सरकवून वाफेचा आकडा वाचायचा. अजून कुठे खोदायचं, हे जेसीबीवाल्याला तिथल्या तिथे सांगता येतं. पण हा आकडा एकूण वाफेचा असतो. त्यात बेंझीन किती, ते कळत नाही. डिझेल तर फारसं उडतच नाही, म्हणून डिझेलच्या टाकीखाली आकडा कमी आला तरी निर्धास्त राहू नये. पावसाळ्यातली दमट हवाही मीटरला चकवते.

प्रयोगशाळेतला गॅस क्रोमॅटोग्राफ बेंझीन, टोल्युइन वेगवेगळं मोजतो. खर्च जास्त, अहवालाला वेळ लागतो. नमुना मात्र ताज्या खरवडलेल्या थरातूनच घ्या, बाटली लगेच घट्ट लावून बर्फाच्या पेटीत ठेवा. नाहीतर वाफ वाटेतच उडते.

माझ्या मते नमुन्याची जागा मीटरने शोधावी, पण जमीन स्वच्छ असल्याचा निर्वाळा फक्त प्रयोगशाळेच्या अहवालावरच द्यावा. आपल्याकडे मुरमाखाली बेसाल्ट असतो आणि इंधन त्याच्या भेगांतून खाली उतरतं. तेव्हा आसपासच्या विहिरी-बोअरचं पाणीही तपासून घ्या.