यादव काळ: सुरुवात 850 की 1187?

देवगिरीच्या यादवांचा काळ दोन प्रकारे मोजला जातो.

पहिल्या मोजणीत दृढप्रहार आणि त्याचा मुलगा सेउणचंद्र यांच्यापासून, म्हणजे साधारण 850 पासून सुरुवात धरतात. घराण्याचा इतिहास लिहायचा तर हेच सोयीचे. पण तेव्हा हे लोक सामंत होते, आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे. शिवाय अगदी सुरुवातीच्या पिढ्यांसाठी मुख्य आधार यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याच्या ‘व्रतखंडा’तली वंशावळ, म्हणजे चारशे वर्षांनंतरचे, तेही दरबारी लेखन! दुसऱ्या भिल्लमाच्या संगमनेर ताम्रपटापाशी (शके 922, इ. स. 1000) मात्र पाय जमिनीला लागतात.

दुसऱ्या मोजणीत पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचे वर्चस्व झुगारले ते साल, सुमारे 1187, ही सुरुवात. मंदिरे, नाणी किंवा राज्यकारभार यांना ‘यादवकालीन’ म्हणायचे असेल तर हीच धरावी. अकराव्या शतकातल्या शिलाहारांच्या (कोकणातले राजघराणे) अंबरनाथच्या देवळाला केवळ शैली पाहून यादवकालीन ठरवण्याची चूक इथेच टळते.

शेवटाचाही घोळ आहे. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर यादव राजा रामचंद्र खंडणी देऊ लागला, पण गादी टिकली. ती गेली त्याचा जावई हरपालदेव याच्या वधाने, 1318 च्या सुमारास. सार्वभौमत्व हीच कसोटी काटेकोरपणे लावणाऱ्याला 1296 लाच थांबावे लागेल, तरी बहुतेक पुस्तके 1318 पर्यंत जातात.

लेखांतल्या शकावरून इसवी सन काढताना शकात 78 मिळवावेत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर सहसा 79.