परसबागेसाठी वाणांची निवड: चार हंगामांनंतरचा अभिप्राय

तीन वाफे आणि काही मोठ्या कुंड्या एवढ्या जागेत गेल्या चार हंगामांत लावून पाहिलेल्या भाज्यांच्या वाणांविषयी हा अभिप्राय आहे. बाजारासाठी पिकवल्या जाणाऱ्या वाणाकडून वाहतुकीत टिकणारी जाड साल आणि एकदम तोडणीला येणारे पीक अपेक्षित असते. घरी या दोन्ही गुणांचा उपयोग थोडाच, म्हणून चव, तोडा किती दिवस चालतो आणि माझी हयगय रोप किती सोसते, याच कसोट्या मी लावल्या आहेत.

टोमॅटोत पहिले स्थान मी ‘सनगोल्ड’ला देते. तोकिता या जपानी बियाणे कंपनीचा हा नारिंगी चेरी टोमॅटो १९९२ पासून बाजारात आहे. पुनर्लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांत पहिली फळे पिकतात आणि पुढे झाड थकेपर्यंत घोसामागून घोस येत राहतात. ती गोडी चाखल्यावर घरी आलेली टोपली बहुधा अर्धीच भरलेली असते. दोष दोन आहेत. पिकलेल्या फळांवर जोराचा पाऊस पडला किंवा कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळाले की साल तडकते, त्यामुळे पावसाची चिन्हे दिसताच तोडणी उरकावी लागते. शिवाय हा संकरित वाण असल्याने दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. हे ठाऊक असूनही दुसऱ्या वर्षी मी घरचे बी हट्टाने पेरले; सहा रोपे जगली, त्यांपैकी एकही आईच्या वळणावर गेले नाही.

‘ब्रँडीवाइन’ची कीर्ती मोठी आहे आणि चवीपुरती ती खरीही आहे. बटाट्यासारखी पाने असलेल्या या जुन्या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणाची गुलाबी फळे कधीकधी अर्ध्या किलोच्या घरात जातात, पण ती मोजकी लागतात आणि फार उशिरा पिकतात. पाकिटावर दिवसांचा जो आकडा असतो, तो टोमॅटोच्या बाबतीत सहसा पुनर्लागवडीपासून मोजलेला असतो. रोपे तयार करण्याचे सहा ते आठ आठवडे त्यात धरलेले नसतात. मी घेतलेल्या पाकिटावर याचा उल्लेखच नव्हता आणि पहिला हंगाम त्या गैरसमजातच गेला. फळाच्या देठाजवळचा भाग बराच काळ हिरवा राहतो, त्याला मात्र मी दोष मानत नाही. सर्वत्र एकसारखे लाल होणारे टोमॅटो ज्या जनुकीय बदलामुळे मिळाले, त्याच बदलामुळे कच्च्या फळातील हरितद्रव्य आणि पर्यायाने पिकल्यावरची साखर कमी होते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दिसायला देखणे फळ पुष्कळदा बेचव का निघते, याचे एक उत्तर तिथे मिळते.

शिजवून आटवण्यासाठी ‘सॅन मार्झानो’ आणि ‘रोमा’ शेजारीशेजारी लावले होते. पहिल्याची चव सरस असली, तरी पाणी देण्यात थोडी अनियमितता झाली की त्याच्या लांबट फळांचे बूड काळे पडत होते; फळाला कॅल्शियम कमी पडले की असे होते, आणि मातीत ते असले, तरी पाण्यावाचून फळापर्यंत पोहोचत नाही. ‘रोमा’ मर्यादित वाढीचा आहे, त्याला एक काठी पुरते आणि फळे थोड्या दिवसांत एकत्र पिकतात. घरी एरवी नकोसा वाटणारा हा गुण आटवण्याच्या कामी मात्र सोयीचा ठरतो. ‘रोमा व्हीएफ’ असे नाव दिसल्यास तेच पाकीट घ्यावे, कारण ती दोन अक्षरे व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या बुरशींमुळे होणाऱ्या मर रोगांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीची खूण आहेत.

भेंडीत ‘क्लेमसन स्पाइनलेस’ या १९३९ सालच्या पारितोषिकप्राप्त वाणाने निराशा केली नाही, मात्र नावावर विसंबून उघड्या हातांनी तोडणी करू नये, कारण काटे नसले तरी लव आहेच. शेंग बोटाएवढी झाली की तोडावी. दोन दिवस बाहेरगावी गेल्यास ती निबर होते. मटारात ‘शुगर स्नॅप’ सालीसकट खाता येतो. केवळ शिरा काढाव्या लागतात. वेल मात्र माणसाच्या उंचीचा होतो, आणि मी पहिल्या वर्षी दिलेला कमरेएवढा आधार महिन्याभरात आडवा झाला. भुरी या बुरशीजन्य रोगापुढेही तो लवकर नमतो.

गाजराची निवड चवीपेक्षा मातीवर सोपवावी, असे माझे मत झाले आहे. ‘नांते’ गोड आणि रसाळ असतो, पण माझ्या चिकट मातीच्या वाफ्यात त्याला इतके फाटे फुटले की सोलताना हात टेकले. त्याच वाफ्यात आखूड आणि रुंद खांद्याचा ‘शांतने’ बराच सरळ निघाला, म्हणून वाफा आता त्याच्यासाठी राखला आहे आणि ‘नांते’ची रवानगी भुसभुशीत माती भरलेल्या सर्वांत खोल कुंडीत केली आहे.